विल्माच्या हातची रायफल

विल्मा फेटरॉल्फचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. शेडमधली शेगडी पेटवायची, लेथ रिकामी फिरत ठेवायची, आणि लोखंड हाताला गार लागेनासं झालं की मग कामाला लागायचं. याला एक तास जातो. आमच्या खोऱ्यात हा तास वाचवणारे कारागीर होते. त्यांच्या रायफली सहाशे यार्डांपर्यंत बऱ्या चालायच्या. हजारावर उघड्या पडायच्या.

सहाला तिचा नवरा डॉर्सी उठायचा. तोवर हात धुऊन ती चुलीपाशी उभी असायची. त्याला डुकराच्या मांसाची वडी कडक तळलेली लागायची. मऊ राहिली तर ताटली भिंतीवर जायची. ती भिंत मी पाहिली आहे.

मी आणि डॉर्सी एकाच लाकूड गिरणीत होतो. तो करवतीवर, मी पुढे साखळीवरून येणाऱ्या ओल्या फळ्या ओढायला. एकतीस वर्षं ओढल्या. माणूस कामाला चोख होता, हे मी कबूल करतो. ओंडका बघून त्यातून किती फळ्या निघतील ते सांगायचा आणि तितक्याच काढायचा. पण एकदा नेमाच्या सरावाच्या वेळी त्याचा कुत्रा भुंकला, तर त्याने त्याला फळीने मारलं. कुत्रा पडला तरी मारत राहिला. मग फळी पुसून जागेवर ठेवली आणि जेवायला बसला. आम्ही चौघे तिथे होतो. आम्हीही जेवलो.

विल्माचा बाप, म्हातारा क्लिंगर, हत्यारं घडवणारा होता. लेथ त्याची, हातही त्याचाच तिच्याकडे आला. रायफलीची नळी आली की ती आधी दिव्यासमोर धरून आरपार बघायची. मग लेथवर चढवून, नळी जराही डगमगली तर हलणारा मापाचा काटा लावायची. नळी फिरते आहे आणि काटा मेल्यासारखा स्थिर आहे, इथपर्यंत यायला तिला कधी अर्धा दिवस लागायचा. मग काडतूस बसायची जागा कापायची. थोडं कापायचं, हत्यार बाहेर काढायचं, कीस पुसायचा, तेल द्यायचं, पुन्हा आत घालायचं. एका नळीला असं दोनशे वेळा. मी एकदा बसून मोजलं होतं.

शेवटी बोल्ट. बोल्ट म्हणजे रायफलीचं मागचं दार. काडतूस आत गेलं की हे दार मिटतं आणि स्फोट पुढच्या बाजूला राहतो. प्रत्येक बोल्ट ती त्याच्याच रायफलीला घासून बसवायची. एकीचा बोल्ट दुसरीत आत जाईल, पण नेमका बसायचा नाही, आणि केसभर फट राहिली तरी स्फोट मागे येतो. म्हणून प्रत्येकाच्या पोटाखाली ती सुईने रायफलीचा नंबर कोरायची.

नळीवर मात्र नाव ठोकलेलं असायचं डी. फेटरॉल्फ. गिऱ्हाईक तो घ्यायचा, पैसे तो घ्यायचा, स्पर्धेत त्या रायफलीने तोच मारायचा. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं कुणाच्या हातचं काम आहे ते. विचारलं तर सगळे म्हणायचे, डॉर्सीचं.

हजार यार्डांच्या नळ्या लवकर जळतात. दीड हजार गोळ्या झाल्या की काडतुसाच्या जागेपुढे झिजतात आणि नेम सोडतात. जळक्या नळ्या विल्मा परसात रोवायची, टोमॅटोच्या आणि घेवड्याच्या वेलांना आधार म्हणून. वीसेक तरी असतील.

त्यातलीच एक डॉर्सीने एका ऑगस्टमध्ये उपटली होती. त्या दिवशी स्पर्धेत तो नेम धरून बसला असताना विल्मा मागून म्हणाली होती, "वारा फिरला." वारा खरंच फिरला होता. पण तो दचकला आणि गोळी नेमाच्या कागदाबाहेर गेली. घरी आल्यावर त्याने नळी तिच्या तोंडावर आडवी मारली. वरचे समोरचे दोन दात गेले. तिने आम्हाला सांगितलं, लेथवर नळी आवळायची किल्ली उडून लागली. आमच्यातल्या निम्म्यांनी जन्मभर लेथ चालवली होती. किल्ली उडून कुठे लागते, ते आम्हाला माहीत होतं. आम्ही माना डोलावल्या.

त्यानंतर ती हसताना तोंडावर हात धरायची. मक्याचं कणीस दातांनी खाणं सुटलं. सुरीने दाणे उतरवून चमच्याने खायची. आणि मैदानावर दोरीच्या मागे उभी राहिली की शब्द काढायची नाही. डॉर्सीने बजावलंच होतं, "पुन्हा मागून बोललीस तर खालचेही काढीन."

अशी नऊ वर्षं गेली.

त्या सप्टेंबरच्या स्पर्धेत डॉर्सी सहा नंबरच्या टेबलावर होता, मी सातवर; फळ्यावर सातसमोर माझं नाव लिहिलं होतं, एल्वुड. माझी रायफलही विल्माच्याच हातची, त्याच्या रायफलीची जुळी बहीण. फक्त माझा बोल्ट तिने आदल्या वर्षी पुन्हा घासला होता, त्यामुळे तो केसभर आखूड होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये माणसं खाली जाऊन कागद बदलतात. तेवढा वेळ सगळ्यांनी बोल्ट काढून टेबलावर ठेवायचे आणि रायफलीपासून दूर उभं राहायचं. कुणी कुणाच्या वस्तूला बोट लावायचं नाही. हा आमचा सगळ्यात जुना नियम.

आम्ही घेवड्याचं सूप पीत उभे होतो. लॉइड बेकटेल पहिल्या फेरीत हरला होता. जिभेला हाड नसलेला माणूस. तो डॉर्सीला म्हणाला, "काय लेका, आज तर कागदाच्या मधोमध घर बांधलंस."

"जमलं," डॉर्सी म्हणाला.

"तुला काय जमायचंय? रायफल बायकोची, गोळ्या बायकोने भरलेल्या. तू नुसता घोडा दाबतोस. तेवढं तर माझी गायसुद्धा दाबील."

दोघंतिघं हसले. मीही हसलो.

डॉर्सीने सूप लॉइडच्या तोंडावर फेकलं आणि त्यामागून डोकं घातलं. नाक मोडल्याचा आवाज आला. लॉइड मागे माझ्या टेबलावर पडला, तिथून डॉर्सीला घेऊन त्याच्या टेबलावर. दोघं चिखलात लोळले. डॉर्सी त्याच्या छातीवर बसून मारत होता, कुत्र्याला मारलं होतं तसा, घाई न करता. तिघांनी ओढलं तेव्हा सुटला. लॉइडचा एक डोळा मिटला होता आणि सदरा गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाला होता.

दोन्ही बोल्ट खाली चिखलात पडले होते.

तेवढ्यात पुढच्या फेरीची हाक झाली. डॉर्सीने एक उचलला, मी दुसरा. फडक्याने पुसला. उलटा करून नंबर बघायला दोन सेकंद लागतात. मी बघितला नाही. वीस वर्षं रायफल हाताळलेल्या माणसाने न करण्यासारखी चूक मी केली.

रायफली भरा, असं मैदानावरचा अधिकारी ओरडला. डॉर्सीचा बोल्ट मिटला. माझा मिटेना. मला वाटलं, चिखल असेल. बाहेर काढला, पुन्हा पुसला, पुन्हा घातला आणि तळव्याने दाबला. तरी मिटेना.

विल्मा दोरीच्या मागे, डॉर्सीचा कोट हातावर घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या हातचा बोल्ट अडत नाही. माझा अडला म्हणजे तो माझा नाही, आणि माझा आहे तो कुठे आहे, हे तिला माझ्याआधी कळलं. मला तिचा चेहरा दिसला. हात तोंडाकडे गेला होता. मग तो खाली आला.

"डॉर्सी, थांब! मारू नकोस!"

सगळं मैदान वळलं. डॉर्सी वळला नाही.

"बोल्ट बदललाय, डॉर्सी! तो एल्वुडचा आहे!"

"घरी चल," तो रायफलीवरून गाल न उचलता म्हणाला. "बघतो तुला."

"अरे, डोळा जाईल तुझा!"

ती दोरीखालून धावली. त्याने घोडा दाबला.

तो आवाज रायफलीचा नव्हता. पातेलं फुटल्यासारखा होता. धूर मागे आला आणि डॉर्सी स्टुलावरून उडून पाठीवर पडला. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड फुटलं होतं आणि त्याची ढलपी डॉर्सीच्या गालात हाडापर्यंत शिरली होती. उजव्या डोळ्याच्या जागी डोळा नव्हता. बोटांनी तो डोळा शोधत होता. ओरडत होता आणि लाथा झाडत होता. लॉइड बेकटेलने, आपल्या मोडक्या नाकानिशी, त्याला खांद्यांना धरून ट्रकपर्यंत नेलं.

विल्मा आधी माझ्या टेबलाशी आली होती. माझ्या रायफलीतल्या बोल्टवर हात दाबून म्हणाली, "हात काढ." मग तो बाहेर काढला, उलटा केला आणि मला डॉर्सीच्या रायफलीचा नंबर दाखवला. तेवढंच. मग ट्रककडे गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉर्सीने पहिली गोष्ट सांगितली, "बोल्ट तिने बदलला. तिच्याशिवाय कुणाला एवढं कळतं?"

लोकांना ते पटायला लागलं. नऊ वर्षं गप्प राहिलेली बाई, कुणी सांगावं. शेरिफचा माणूस येऊन दोन्ही बोल्ट घेऊन गेला आणि तिला गाव सोडू नकोस म्हणाला. गुरुवारी आमच्या क्लबाची बैठक भरली. विल्माला बोलावलं नव्हतं. ठरायचं ते तिच्या पाठीमागेच ठरायचं होतं. ते तिच्यावर उलटलं असतं तर तुरुंग होता, आणि तुरुंग टळला असता तरी तिच्या हातचं काम पुन्हा कुणी घेतलं नसतं.

अध्यक्षांनी विचारलं, "मारामारीच्या वेळी ती टेबलाजवळ गेली होती का?"

"गेली असेल," एक जण म्हणाला.

"ती दोरीच्या मागे होती," मी म्हणालो. "बोल्ट मी चुकीचा उचलला. नंबर बघितला नाही."

"एल्वुड, विचार करून बोल. हे लिहून घेतलं जाईल."

"घ्या लिहून."

मागून लॉइड उठला. नाकावर पट्टी, आवाज गेंगाणा. "आणि हेही लिहा. ती ओरडली ते मी ऐकलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. ज्याने ऐकलं नाही त्याचाच डोळा गेला. आणि तिचे दात किल्लीने गेले नाहीत. आता तरी खरं म्हणा ना कुणी!"

तेही लिहून घेतलं गेलं आणि कागद शेरिफकडे गेला. मला दोन वर्षं मैदानावर बंदी झाली. शेरिफच्या माणसाने बोल्ट परत आणून दिले.

ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी मी माझी रायफल घेऊन विल्माकडे गेलो. बोल्ट पुन्हा तपासून हवा होता. ट्रकमधून उतरतानाच शेडमधून घणाचे आवाज ऐकू आले. डॉर्सी घरी आला होता. तो लेथ फोडत होता.

विल्मा परसातून आली. तिच्या हातात एक जळकी नळी होती, वाळलेला घेवडा अजून गुंडाळलेली. तिने मला बघितलं. सरळ आत गेली.

"डॉर्सी."

तो वळला. घण वर होता. ती त्याच्या उजव्या बाजूला सरकली, जिथून त्याला दिसत नव्हतं, आणि कोपरावर मारली. हाड मोडलं. घण पडला. दुसरा घाव गुडघ्यावर, बाजूने. तो खाली आला आणि डाव्या हाताने तिचा पाय धरून ओढू लागला. तिसरा त्या हातावर. मग नळीचं टोक त्याच्या वरच्या दातांवर येऊन थांबलं. तिचा हात हलत नव्हता. लेथवरच्या काट्यासारखा.

"मार ना," तो म्हणाला. "मार, एल्वुड बघतोय."

"नळी जळकी आहे," विल्मा म्हणाली. "नेम धरत नाही. दातावर मारायला जाईन आणि कपाळावर बसेल."

डॉर्सीने तोंड मिटलं. मी दारात होतो. मध्ये पडलो नाही. इतकी वर्षं कधी पडलो नव्हतो, आणि त्या दिवशी गरज नव्हती.

त्याचा भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. तो परत आला नाही.

लेथचं मोठं चाक फुटलं होतं, दोन दांडे वाकले होते. ते नीट करायला विल्माला सगळा हिवाळा लागला. मी जड उचलायला जात होतो. मार्चमध्ये काटा पुन्हा स्थिर झाला. पहिलं काम लॉइड बेकटेलचं आलं.

"तुझी बडबड मी रायफलीत घालू शकत नाही," ती त्याला म्हणाली. "बाकी सगळं घालीन."

"नाक आधीच घातलंय बाई. अजून काय घ्यायचं ते घे."

अकरा आठवडे त्या रायफलीचं काम चाललं. नाव ठोकायची वेळ आली तेव्हा तिने बापाच्या पेटीतली अक्षरं काढली आणि नळीवर एकेक ठोकलं: डब्ल्यू. क्लिंगर. लॉइडने मजुरी तिच्या हातात दिली. ती कोट घालून तशीच तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली. तीन खेपा झाल्या आणि मजुरी संपली.

ऑगस्टमध्ये क्लबाचं जेवण होतं. मोठ्या हंड्यात मका उकडत होता. विल्मा माझ्यासमोर बसली होती. तिच्या ताटलीशेजारी कुणीतरी सवयीने सुरी ठेवली होती. तिने ती उचलून माझ्याकडे सरकवली, कणीस दोन्ही हातांनी धरलं आणि चावलं. लोणी हनुवटीवरून ओघळलं. तिने चार कणसं खाल्ली. एकावरही दाणा राहिला नव्हता.