उंबऱ्याच्या आतले बूट

पायांची डॉक्टर व्हायचं मी ठरवलं तेव्हा न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींनी नाकं मुरडली. एका काकूंनी तर हळूच विचारलं, "म्हणजे लोकांची नखं कापायची का गं?" मी म्हटलं, "हो, आणि वेळ आली तर बोटंसुद्धा." त्यांनी विषय बदलला. पुढे मात्र कुणाकडेही जेवायला गेले की हात धुऊन होतात न होतात तोच कुणीतरी मला आतल्या खोलीत न्यायचं आणि मोजा काढून कुरूप दाखवायचं. नाक मुरडणाऱ्या काकूंचा नंबर पहिला.

२००३ साली शिक्षण संपलं. बरोबरीच्यांनी खासगी प्रॅक्टिस धरली, मी सरकारी दवाखाना. त्यागबिग काही नव्हता त्यात. खासगीत दिवसभर टाच दुखणारे धावपटू बघायचे. इथे मधुमेहाने बधिर झालेले पाय यायचे, विमा नसलेल्या माणसांचे, आणि असे पाय वाचवण्यात मी हुशार होते. हे मी तेव्हाही उघड म्हणायची, आजही म्हणते.

दुसऱ्या वर्षी एडिसनहून एक काका-काकू आले. काका पुण्यातले निवृत्त गणिताचे मास्तर, मुलाकडे राहायला आलेले. उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. तळव्याला नायलॉनचा धागा टोचून बघितला तर त्यांना पत्ताच नाही, ते छताकडे बघत मला शाळेच्या गोष्टी सांगत होते.

"काका, दुखत नाही हाच प्रॉब्लेम आहे," मी म्हटलं. "तुम्ही जखमेवरून चालताय आणि तुम्हाला कळत नाहीये."

मी त्यांना खास बूट करून दिले, जखमेखालचा तळ कोरून काढलेले, म्हणजे पाऊल टाकलं तरी तिथे भार पडू नये. सतत घालायचे, असं बजावलं. दर आठवड्याला विचारायची, "बूट घालता ना?"

"म्हणजे काय, नेहमी," काका म्हणायचे. काकूही मान डोलवायच्या. जखम मात्र जैसे थे.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी जखम अजून खोल गेलेली दिसली. ते दोघं घरी गेल्यावर मी आमच्या सर्जनना फोटो दाखवले. ते म्हणाले, अंगठा काढू, नाहीतर उद्या पाऊल जाईल. मी महिना मागितला, त्यांनी दोन आठवडे दिले. मला असा संताप आला होता की फाइलमध्ये लिहिलं, "रुग्ण सांगितलेलं ऐकत नाही." मास्तर चक्क थापा मारताहेत, अशी माझी खात्री होती.

रविवारी याच काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मलाही बोलावणं होतं. दाराच्या आत बायकांच्या बुटांचा ढीग पडला होता. मीही माझे काढले आणि कडेला ठेवायला वाकले, तर रॅकवर काकांचे खास बूट. नीट पुसून, जोडीने ठेवलेले. "ये ये डॉक्टर," म्हणत काका आतून आले, लाकडी फ्लोअरवरून, अनवाणी.

ते खोटं बोलत नव्हते. बाहेर जाताना ते बूट नेहमी घालत होते. थंडीमुळे बाहेर जाणं आठवड्यातून दोनदा-तीनदा. बाकी दिवसभर घरात येरझाऱ्या, त्याही जखमेवर. घरात बूट घालायचे हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं आणि विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. एखाद्या अमेरिकन डॉक्टरला सुचलं नसतं तर मी समजू शकले असते. मी नागपुरात वाढलेली, स्वतःचे बूट हातात धरून उभी होते. मला माझीच भयंकर लाज वाटली.

दोघांना मी स्वयंपाकघरात गाठलं. "काका, हे बूट घरातसुद्धा घालायचे."

"घरात?" काका हसले. "आणि पूजा काय बुटात करू?"

"अगं, रस्त्यावरचे बूट स्वयंपाकघरात कसे चालतील?" काकू म्हणाल्या.

"दुसरा जोड देते. तो उंबऱ्याबाहेर जाणारच नाही."

"बूट ते बूट," काका म्हणाले. "देवापुढे नाही."

माझा तोल सुटला. "दोन आठवड्यांनी अंगठा कापायचा म्हणताहेत. देवाला ते चालतं का, विचारा."

अशी बातमी अशी द्यायची नसते, हे मला शिकवलेलं होतं. काकूंनी हातातला तिळगुळाचा डबा ओट्यावर ठेवला, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली आणि देवघरासमोर नेऊन ठेवली.

"इथपर्यंत बूट," त्या म्हणाल्या. "बसायचं, मग काढायचे. पूजा बसून. उठायच्या आधी परत पायात. मी घालून देईन."

"तू माझ्या पायात बूट घालणार?"

"इतकी वर्षं ताट हातात दिलं, तेव्हा नाही विचारलंत," काकू म्हणाल्या आणि बायकांना कुंकू लावायला निघून गेल्या.

दोन आठवड्यांनी जखम निम्मी झाली होती. सर्जननी पट्टीने दोनदा मोजली आणि ऑपरेशन रद्द केलं. एप्रिलमध्ये ती पूर्ण भरली. काका अंगठ्याकडे बघत राहिले. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, आता घरातल्या बुटांची इतकी सवय झालीय की मीच त्यांना काढू देत नाही.

ते गेल्यावर नोंद करायला मी फाइल उघडली. "रुग्ण सांगितलेलं ऐकत नाही" हे माझंच अक्षर होतं. त्याखाली लिहिलं, "रुग्ण ऐकत होता. मी विचारलं नाही."

मग मला आठवलं की ते "ऐकत नाही" मी आणखीही फायलींमध्ये लिहिलंय. कपाट उघडून त्या काढल्या आणि सगळ्यात वरच्या फाइलमधल्या कोरियन आजींच्या मुलीला फोन लावला. तुमची आई घरात पायांत काय घालते, असं विचारलं.

"घरात?" ती म्हणाली. "काही नाही. घरात कोण बूट घालतं?"

आजींच्या उजव्या पायाची दोन बोटं आम्ही आदल्या वर्षी काढली होती. डाव्या पायाची अजून पाचही होती. मी म्हटलं, आईला उद्याच घेऊन या.