हँडल फिरतंय, पण इंजिन गप्प

सोलापूर-वैराग सर्व्हिस मोटार मी सहा वर्षं चालवली. मोटार धड चालली की सांगण्यासारखं काही घडत नाही हो. किस्से सगळे ती बंद पडल्यावरचे! आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा मी जाम घाबरलेलो असायचो.

मोटार सुरू करायचं पुढचं लोखंडी हँडल गरगर फिरतंय आणि इंजिन साधं खोकतही नाही, असं झालं की कायम मोटारीबरोबर असणारे आमचे रसूल मिस्त्री दोनच गोष्टी बघायचे. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का?

*

एकदा वऱ्हाड घेऊन कुंभारीला निघालो. भर दुपारी चिंचेखाली मोटार बंद! हँडल मारून माझा दम गेला. एक म्हातारी कुजबुजली, "हितं एक बाई हाय. ती गाडी सोडत न्हाय."

झालं! नवरदेवासकट सगळे पळाले. मीही पळालो, खोटं कशाला बोलू?

मिस्त्रींनी पेट्रोलची नळी सोडवून फुंकली. आतून मेलेली गांधीलमाशी निघाली. ती चिमटीत धरून ते ओरडले, "मिल गई तुम्हारी बाई! आओ!"

*

ठिणगी बघायला प्लगची तार इंजिनाजवळ धरावी लागते. एका फौजदारांना भारी घाई. "मीच धरतो, मारा हँडल!"

"साब, हात से नक्को..."

पण मी हँडल मारलं होतं! फौजदार उडाले, पगडी रस्त्यात. मला तुरुंगच दिसू लागला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ठिणगी है साब. अब पेट्रोल देखता."

*

आणि तो ओढा. आमच्याकडे लख्ख ऊन, पाऊस वर कुठंतरी झालेला. मधोमध मोटार थांबली. उतारू काठाला पळाले. आत राहिली कळा सुरू झालेली एक पोरगी, दवाखान्यात निघालेली, आणि तिचा बाप. उचलायला गेलो तर किंचाळली.

मी हँडल मारत होतो. पाणी गुडघ्यावरून मांडीला आलं. मिस्त्रींनी तार धरून बघितली. ठिणगीच नाही!

"मॅग्नेटो में पानी गया. सूखा कपडा होना, जल्दी!"

पाण्याच्या तडाख्यांनी आम्ही तिघे नखशिखांत भिजलेले. धक्का मारायला उतरलेल्या तिच्या म्हाताऱ्या बापाचं मुंडासं केव्हाच वाहून गेलेलं. वरच्या वळणावर लाल लोंढा दिसला. पोरीनं दात आवळून गाठोडं सोडलं आणि बाळासाठी शिवलेली कुंची पुढे केली. "घ्या की!"

मिस्त्रींनी ठिणगी पाडणारा तो मॅग्नेटो उघडून पुसला. "मार!"

मारलं. गप्प.

"और एक!"

घरघरली! काठ चढलो आणि मागे वळून पाहिलं, तर ओढा कुठला, नुसतं पाणी.

मिस्त्रींनी काळीकुट्ट कुंची दोन्ही हातांनी परत दिली. "बेटी, खराब हो गई."

ती हिसकावून घेत पोरगी म्हणाली, "आसू दे. हीच घालनार हाय मी त्येला!"