तुडीलचा हिरवा रेडिओ

माझ्या नवऱ्याला, शिरीषला, बेकेलाइटचे, म्हणजे जुन्या काळच्या कडक, जड प्लॅस्टिकचे रेडिओ जमवायचा नाद आहे. चाळिशीत पुरुष सायकल घेतात. हा महायुद्धानंतरचे रेडिओ घेतो. अशाच नादिष्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी महाडजवळच्या तुडीलमधल्या एका रेडिओचा फोटो टाकला आणि शनिवारी सकाळी आम्ही पुण्याहून निघालो.

भोरमार्गे वरंधा घाट. पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद असतो, आधी विचारून घ्या. दरी सुंदर आहे. शिरीष मला रेडिओच्या स्क्रूंबद्दल सांगत होता. महाडला तांदळाची भाकरी आणि मासळीची थाळी, अडीचशे रुपये. तेवढ्यासाठीही मी पुन्हा जाईन.

तुडीलला रेडिओच्या मालकीण सुलोचनाकाकू ओटीवर वाट बघत होत्या. सत्तरीच्या, एकट्या. स्टुलावर पुसून ठेवलेला रेडिओ दारासारखाच हिरवागार.

"हे काय?" शिरीष कळवळला.

"गणपतीला घर रंगवते ना, रंग उरला की ह्याला पण एक हात मारते. ह्यानं काय पाप केलंय?"

अस्सल बेकेलाइट अंगठ्यानं घासून तापवलं की औषधासारखा वास येतो. शिरीष मागची कड घासून हुंगू लागला.

"वास कसला घेताय, भाऊ? उंदीर नाय मेला आत." मग काकू माझ्याकडे वळल्या. "मेकॅनिक असाच बघतो काय गो? आमचे हे होते तोवर रेडिओ बोलायचा. परत बोलंल ना?"

पुण्याहून माणूस बंद रेडिओ बघायला येतोय म्हणजे दुरुस्तीलाच, असं त्यांनी धरलं होतं.

शिरीषनं नखानं रंग खरवडला. हिरव्याखाली गुलाबी, त्याखाली निळा, तळाशी चकचकीत चॉकलेटी बेकेलाइट. त्याचे डोळे लकाकले.

"पुण्याला नेऊन दुरुस्त करून आणतो," तो म्हणाला.

आमच्या घरी असे सात आहेत. व्हॉल्व्ह भंगारात, पोटात ब्लूटूथ स्पीकर. एकही परत गेलेला नाही.

गप्प बसायचा मला वीस वर्षांचा सराव आहे. पण काकूंनी रेडिओ गुंडाळायला आपली धुतलेली साडी आणली.

"काकू, देऊ नका. ह्यांना दुरुस्ती येत नाही. आतलं काढून टाकतात."

काकूंनी शिरीषकडे नीट पाहिलं. "मग भाऊ, तुम्हाला येतं तरी काय?" रेडिओ उचलून त्या आत गेल्या. चहा मात्र दिला.

परतताना पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर, मग पुणे. शांतता हवी असेल तर उत्तम मार्ग. शिरीष अवाक्षर बोलला नाही.

घरी येताच त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'तुडीलचा पीस बोगस. साधं प्लॅस्टिक. कुणी जाऊ नका.'

खरं काय ते लिहायला मी फोन हातात घेतला, आणि ठेवून दिला. काकूंचा रेडिओ मुकाच राहिला, ते मला अजून लागतं. पण आता तो न्यायला कुणी जाणार नाही. इतक्या वर्षांत शिरीषनं एखाद्या रेडिओचं केलेलं हे पहिलंच भलं.