चाकावर बसलेला जावई

पडदा वर जातो. नागपूरच्या विमानतळाचं मैदान, एकाहत्तर सालचा एप्रिल. मागे आभाळ असं रंगवलेलं, की ऊन दाखवावं की पाऊस, हे रंगाऱ्याचंच ठरलेलं नाही. मधोमध पांढरं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. त्यात आमचे नायक चंपतराव: आठवडाभर शाळेत चित्रकला शिकवणारे, रविवारी उडणारे. आज स्पर्धा होती. रामटेकवर वळसा घालून परत यायचं.

त्यांच्या पत्नी गोपिकावहिनी त्यांच्याकडे वाकून म्हणाल्या, "कुठीबी उतरा, पण माह्या बाबाच्या शिवारात नका उतरू."

त्याला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासरे देवराव भरल्या पंगतीत बोलून गेले होते, "इंजिनाबिगर इमान म्हंजे बैलाबिगर बंडी!" विमानाची अशी बैलगाडी झालेली ऐकून चंपतरावांनी ताट सरकवलं. "तुम्ही सोता जेवाले बोलावल्याबिगर तुमच्या शिवारात पाय नाही ठेवणार." देवराव तरी कसले वाकतात! "मी काहून बोलावू?" तेव्हापासून वहिनी माहेरी एकट्याच जात. गावानं विचारलं, "जावई कुठी हायेत वं?" की सांगत, "आभाळात."

तारेनं ओढताच ग्लायडर वर गेलं. माझी नाटक कंपनी तेव्हा बसली होती, म्हणून मी क्लबची जीप हाकत होतो. मागे ग्लायडर लादून आणायची लांबलचक गाडी, शेजारी वहिनी. चंपतराव घारी शोधत. घार जिथे पंख न हलवता चढते तिथे गरम हवा वर जाते, मग हेही तिच्या मागे गोल गोल वर. कन्हान नदी ओलांडेपर्यंत प्रयोग रंगला. मग ढगांनी ऊन झाकलं आणि घारी झाडांवर जाऊन बसल्या.

"आता यायले कोन सांगन, खाली काय हाय ते?" वहिनी वर नवऱ्याच्या ग्लायडरकडे बघत पुटपुटल्या.

खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची लहान लहान खाचरं. पावलोपावली धुरे, म्हणजे मातीचे बांध, ग्लायडरचं पोट फाडणारे. सपाट शेत एकच होतं, गहू काढलेलं. ते देवरावांचं. चंपतराव डावीकडे गेले, उजवीकडे गेले, आणि शेवटी निमूट सासुरवाडीला उतरले.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धा गाव जमला होता. नायक आतच बसून, हाताची घडी. देवराव धुऱ्यावर, उपरण्यानं वारा घेत.

"काहून जावईबापू, बैल आणू का?"

"काही गरज नाही. माहा पाय जमिनीवर नाही, चाक हाय."

"मंग बसा."

"बसलोच हाय."

"बाबा, बोलवा नं यायले," वहिनी म्हणाल्या.

"पहिले उतरू दे नं वं त्यायले."

"बसा मंग दोघंबी! मी चालली जेवाले." आणि वहिनी खरंच निघाल्या. दहा पावलं जाऊन थांबल्या. वळून पाहिलं, तर डोळे भरले होते. वहिनींची थट्टा तेवढ्यावरच संपली.

तेवढ्यात पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. वाऱ्यानं एक पंख उचलला. उलटलं असतं तर ग्लायडरचा भुगा झाला असता. सर्वांत आधी कोण धावलं? देवराव! पंखाच्या टोकाला लोंबकळले, आणि अंगानं इतके काटकुळे, की पायच सुटले.

"अरे, उडते गा हे!"

चंपतरावांनी झाकण भिरकावलं, उडी मारली आणि शपथ-बिपथ सगळं तुडवत सासऱ्याच्या शेतात धावले. दोघं एकाच पंखाला लटकले. मी शेपटी धरली. धुळीत कोण सासरा, कोण जावई, काही कळेना.

देवराव तोंडातली माती थुंकून ओरडले, "उतरलेच हाय, तं जेवाले चला, जावईबापू!"

आणि आमंत्रण कसं द्यावं हे त्या घराला पक्कं ठाऊक. त्यांनी पंख सोडला, दोन्ही हात जोडले.

वहिनी हसत-रडत पळत आल्या. चंपतराव अर्धे हवेत होते.

"येतो, मामाजी, येतो! पण पहिले पंख धरा!"