गिअरबॉक्सला आंब्याचं साठ

नसरुद्दीन सारंगाला अल्लाने दोन कान दिले होते, पण ते माणसांचं ऐकायला दिलेले नाहीत, याबद्दल दुखानच्या कॅम्पात कुणालाच शंका नव्हती. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला बघायचा. इंजिनाचं मात्र मन लावून ऐकायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, लाकडी मूठ कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि हकीमाच्या थाटात सांगायचा, "सर्दी झालीय हिला." मग पाना उचलून सर्दी काढायचा. बहुतेक वेळा निघायचीसुद्धा.

मूळचा जयगडच्या खाडीकाठचा. सोळाव्या वर्षी आगबोटीच्या इंजिनखान्यात तेलवाला म्हणून चिकटला आणि बारा वर्षं सात समुद्रांवरून फिरला. समुद्र कसा असतो विचारलं तर म्हणायचा, "मला काय ठाऊक? मी खाली होतो." त्रेपन्न साली तेल कंपनीत फिटर होऊन तो कतारात दुखानला आला, तेव्हा भोवतीचं वाळवंट बघून बाकीचे कोकणी गडी आठवडाभर उसासे टाकत होते. नसरुद्दीनला फरक पडला नाही. पंपहाउसात इंजिन होतं, इंजिनाला तेल लागत होतं, झालं.

त्याच्या शांत आयुष्यात खळबळ माजवली ती एका मोटरसायकलने. लढाईच्या काळातली, खाकी रंगाची, डबा उडालेल्या शिलाई मशीनसारखा आवाज करणारी. एका इंग्रज ड्रिलरने मायदेशी जाताना ती त्याच्या गळ्यात मारली होती. साहेब हसत हसत विमानात का चढला, ते नसरुद्दीनला दुसऱ्या दिवशी कळलं. गाडीचा दुसरा गिअर टिकत नव्हता. पहिल्यातून दुसऱ्यात टाकावा, गाडीने जरा वेग घ्यावा, की खट्! गिअर निसटून न्यूट्रल, आणि इंजिन कोकलायला लागायचं. तो टिकवायचा तर उजव्या पायाने लिव्हर सारखी दाबून धरावी लागे. त्यामुळे सहा महिन्यांत नसरुद्दीनची उजवी पोटरी डावीच्या दीडपट झाली होती. खोलीतला जोडीदार खलील म्हणायचा, "तुझा पाय कुणी कापून नेला नी पंपाला लावला ना, तर सगळं दुखान चालंल."

हा खलील मुरूडचा. कंपनीत स्टोअरकीपर. रत्नागिरीच्या माणसाला नियम कळत नाहीत आणि मुरूडच्या माणसाला नियमाशिवाय दुसरं काही कळत नाही, यावर दोघांचं रोज संध्याकाळी चहाबरोबर भांडण होत असे.

गाडी नुसती हौस असती तर दुसऱ्या गिअरवाचून कुणाचं अडत नव्हतं. पण आता तिच्यावर नसरुद्दीनचा संसार टेकला होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम दहा महिने त्याने बायको अनीसाबरोबर काढले होते. एकोणसाठ साली त्याने हिय्या करून दोह्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि अनीसाला पाठवा म्हणून सासऱ्यांना पत्र टाकलं. सासरे गलबतावरचे जुने तांडेल. त्यांचं उत्तर चार ओळींत आलं.

"घर घेतलंस, बरं केलंस. पण तू दुखानात, पोरगी दोह्यात, मध्ये पन्नास मैल वाळू. हाक मारली तर येणार कसा? मोटरसायकल आहे लिहितोस. अबूबकर तिकडे नोकरीला येतोच आहे. तो तुझ्या मोटरसायकलवर बसून दोह्याहून दुखानला जाईल आणि मला कळवील. मग बघू."

अबूबकर म्हणजे अनीसाचा धाकटा भाऊ. मॅट्रिक पास, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं, आणि जे बघेल ते लिहून काढायची खोड. एकदा गावातल्या लग्नाचं वर्णन म्हणून त्याने नसरुद्दीनला अकरा पानी पत्र पाठवलं होतं. त्यात नवऱ्यामुलाला शिंका किती आल्या तेही होतं. असला माणूस शुक्रवारी सकाळी आगबोटीने दोह्याला उतरणार होता.

बुधवारी कामावरून सुटल्यावर नसरुद्दीनने गिअरबॉक्स उघडला. डोळे मिटून, मूठ कानाला लावून निदान आधीच केलं होतं: गिअर जागेवर धरून ठेवणारी आतली स्प्रिंग मेली आहे. मेलीच होती. भंगारातल्या एका पंपाची स्प्रिंग त्याने मापाने कापून बसवली, लिव्हर हलवून पाहिली, आणि दुसरा गिअर असा टक्कन बसला की त्याला भरूनच आलं. पण झाकण परत लावायला गेला तर मधल्या पॅकिंगच्या कागदाचा पार भुगा झालेला. पॅकिंगशिवाय झाकण लावलं तर सगळं तेल अर्ध्या वाटेवरच्या शहानियापर्यंत रस्त्यावर सांडणार आणि पुढे गिअर कोरडे घासून बसणार.

"खलील, वीतभर पॅकिंगचा कागद दे."

"फॉर्म भर."

"अरे वीतभर!"

"वीतभर फॉर्म आहे, तोच भर." खलीलने खोलीतल्या टेबलातून खरोखरच फॉर्म काढून दिला. "इथे यंत्राचा कंपनी नंबर लिही."

"माझ्या गाडीला कंपनी नंबर कुठला?"

"मग कागद कुठला?"

"खलील, माझी बायको यायची थांबलीय रे."

"तिचा कंपनी नंबर आहे?"

नसरुद्दीनने त्याच्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे, मग पलंगाखालच्या डब्याकडे. डब्यात सासूबाईंनी, ताहेरुन्निसांनी, बोटीवरच्या माणसाबरोबर पाठवलेलं आंब्याचं साठ होतं. पिकल्या आंब्याचा रस साखर घालून सुपावर थापायचा, दिवसदिवसभर कावळे हाकत उन्हात वाळवायचा, तेव्हा कुठे ती पोळी होते. दुखानच्या हवेत ती चामड्यासारखी चिवट झाली होती. नसरुद्दीनने एक पोळी काढली. दोन बोटांत जाडी पाहिली. उजेडासमोर धरली. झाकणावर ठेवली आणि पेन्सिलीने कडेने रेघ ओढली.

"काय करतोस?" खलील ताडकन उठला. "मेल्या, ते खायचं असतं!"

"तुझ्याकडे फॉर्म आहे, माझ्याकडे साठ आहे."

कात्रीने पॅकिंग कापून झालं, बोल्टांसाठी गोल भोकं पडली. भोकांतले तुकडे खलीलने "वाया कशाला" म्हणत एकेक करून खाल्ले. नसरुद्दीनने दोन्ही बाजूंना तेल चोळून झाकण आवळलं. रात्रभर खाली बशी ठेवली. सकाळी बशीत तेलाचा एक थेंब नव्हता.

गुरुवारी दुपारी तो दोह्याला निघाला तो शीळ घालत. हवा त्या दिवशी कधी नव्हे ती नरम होती. दुसरा गिअर काय बसला होता! पाय लावायची गरज नाही. सवयीने पाय लिव्हरकडे जायचा आणि लाजून परत यायचा.

शुक्रवारी अबूबकर आगबोटीच्या लाँचमधून उतरला, पांढऱ्या पँटसह. "सलाम आलेकुम, दुल्हेभाई. हीच का ती?" म्हणून त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं. दोन खोल्या पाहिल्या, लिहिलं. न्हाणीघराचं दार मोजलं, लिहिलं. जेवण झाल्यावर म्हणाला, "चला. बाबांनी सांगितलंय, घड्याळ लावून बसायचं."

निघाले तेव्हा दुपार ऐन भरात होती आणि हवा कालची नव्हती. भट्टीतून काढल्यासारखी होती. शिवाय मागे अबूबकर आणि त्याची ट्रंक. दहा मैल झक्क गेले. मग अबूबकर नाक वर करून म्हणाला, "दुल्हेभाई, आंब्याचा वास येतो."

"घरची आठवण येत असंल."

"नाही, खरंच येतो."

"नवीन माणसाला येतो. आठवड्यात जातो."

पंधराव्या मैलाला माशा आल्या. वाळवंटात इतक्या माशा कुठून येतात, असं अबूबकरने विचारलं. नसरुद्दीनने न ऐकल्यासारखं केलं. ती कला त्याला आधीपासूनच येत होती. शहानियाला चहाच्या टपरीशी गाडी थांबवली, दोघं पेले घेऊन सावलीत बसले, तोच कुठूनशी एक बकरी आली आणि गिअरबॉक्स चाटायला लागली. मग दुसरी. मग सात-आठ. एकीने झाकणाच्या कडेला दात लावून तपकिरी रंगाची एक लांब पट्टी ओढून काढली आणि डोळे मिटून चघळत उभी राहिली. बकऱ्यांचा मालक, वाळवंटातला एक म्हातारा बद्दू, पोट धरधरून हसत होता.

अबूबकर उठला. बकऱ्यांना बाजूला सारून खाली वाकला. झाकणाच्या फटीतून ओघळलेला चिकट थेंब त्याने बोटावर घेतला, वास घेतला, आणि मॅट्रिक पास माणसाने करू नये ते केलं. बोट चाटलं.

मग परत एकदा चाटलं.

"दुल्हेभाई," शेवटी म्हणाला, "ही अम्माच्या हातची चव आहे. जरा तेलकट."

नसरुद्दीनने सगळं सांगितलं. स्प्रिंग, खलील, फॉर्म, कात्री.

"अम्मा आठ दिवस उन्हात बसली होती! पाठीवर घामोळं आलं तिच्या! कावळ्यांना दिलं नाही ते तुम्ही बकऱ्यांना घातलंत!"

"बकऱ्यांना घातलं नाही, त्यांनी आपण होऊन..."

"मी हे लिहिणार. सगळं लिहिणार."

"लिही," नसरुद्दीन म्हणाला. अनीसाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हळूहळू मागे सरकत जयगडला परत चालला होता. "पण आधी बस. चल, यल्ला. अजून पंचवीस मैल आहेत."

गाडी सुरू झाली आणि पुढचा घोटाळा कळला. वितळलेलं साठ आत उतरून, तापून, त्याचा पाक झाला होता. त्या पाकात दुसरा गिअर असा रुतून बसला की तिसरा पडेना, पहिला पडेना, न्यूट्रलही सापडेना. सहा महिने जो गिअर क्षणभर थांबायला तयार नव्हता, तो आता कायमचा मुक्कामाला आला होता. थांबलं की सुटताना गाडी मारकुट्या बैलासारखी उसळायची. म्हणून थांबायचंच नाही असं ठरलं. बकऱ्या पहिला अर्धा मैल बरोबरीने धावत होत्या.

नसरुद्दीनने चालवता चालवताच झाकणाच्या फटीला स्वतःचा रुमाल गुंडाळला, तो भिजल्यावर डोक्याचं फडकं गुंडाळलं. तेल संपत आलं तेव्हा चालत्या गाडीवर अबूबकरला ट्रंक उघडायला लावून खोबरेल तेलाची बाटली मागून घेतली आणि एका हाताने वाकून तेलाच्या भोकातून आत ओतली. ही बाटली अबूबकरच्या केसांसाठी होती. "हेही लिहिणार," अबूबकर मागून ओरडला. पँटचा पांढरा रंग आता कुठेच राहिला नव्हता. पण वळणावर ट्रंक घसरायला लागली, तेव्हा आपण कुणी न सांगताही दुल्हेभाईंच्या कमरेला घट्ट मिठी मारून बसलो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

दुखानला पोचायला चार तास लागले. नसरुद्दीनने गाडी खोलीच्या भिंतीला टेकवून बंद पाडली. अबूबकरने घड्याळ पाहिलं, वही काढली, आणि खलीलच्या टेबलावर बसून लिहायला लागला. चौदा पानं झाली. नसरुद्दीन पलंगावर पडून छताकडे बघत होता. मध्येच अबूबकर विचारायचा, "बकऱ्या सात का आठ?"

"आठ," नसरुद्दीन म्हणायचा.

खलीलला काय वाटलं कोण जाणे. तो उठून बाहेर गेला आणि येताना वीतभर पॅकिंगचा कागद घेऊन आला. सोबत भरलेला फॉर्म होता. यंत्राचा कंपनी नंबर या रकान्यात त्याने नसरुद्दीनच्या बिल्ल्याचा नंबर टाकला होता. "दुरुस्ती तुझीच करायचीय," म्हणाला.

पत्र गेलं. उत्तर यायला दीड महिना लागला. तेवढ्या दिवसांत नसरुद्दीनने गिअरबॉक्स तीनदा रॉकेलने धुतला, आणि कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला दचकायला लागला, इतका तो कामातून गेला होता. उत्तर आलं ते त्याने फोडलंच नाही. खलीलकडे दिलं. खलीलने घसा साफ करून वाचलं:

"अबूबकरचं पत्र मशिदीबाहेर तीन वेळा वाचून झालं. बकऱ्यांचा भाग लोक परत परत वाचायला लावतात. तुझी गाडी भंगार आहे. पण मी चाळीस वर्षं गलबतं हाकली. गलबत कसलंही असो, माणसं काठाला लावतो तो तांडेल. तू माझ्या मुलाला वाळूत टाकून आला नाहीस. पोचतोस उशिरा, पण पोचतोस. पुढच्या महिन्याच्या बोटीने अनीसा निघतेय. बंदरावर वेळेत ये."

"आता तरी हसायचं का नाही?" खलीलने विचारलं. नसरुद्दीनने ऐकलं नाही.

अनीसा आली. लाँचमधून उतरताच तिने आधी गाडीचा वास घेतला, मग नवऱ्याकडे बघून हसली. नवं पॅकिंग, नवं तेल. दुसरा गिअर टक्कन बसला आणि बसलेलाच राहिला. घरी पोचल्यावर तिने ट्रंकेतून दोन पुडकी काढून समोर ठेवली.

"अम्माने दिलीत. हे खायचं."

"आणि हे?"

"हे गाडीचं. अम्मा म्हणाली, मागच्या वेळी साखरेने घात केला. यात साखर घातली नाही. जाडीसुद्धा एकसारखी ठेवलीय, सुतळी लावून मोजलीय."

नसरुद्दीनने ते बिनसाखरेचं साठ बोटांत धरून पाहिलं. खरंच, कडेपासून कडेपर्यंत एकसारखं. असं काम कंपनीच्या वर्कशॉपातही होत नव्हतं. पुढे पासष्टपर्यंत दर वर्षी तसं एक पुडकं येत राहिलं, आणि सासूबाई दर पत्रात विचारायच्या, "गाडीचं साठ टिकतं ना?" नसरुद्दीन लिहायचा, "उत्तम." खोटं नव्हतं. ते खलीलच्या कपाटात टिकत होतं. आंबट म्हणून तोही खात नव्हता आणि फॉर्मशिवाय कुणाला देतही नव्हता.

शहानियाच्या बकऱ्यांनी मात्र आशा सोडली नाही. दर गुरुवारी घरी दोह्याला निघालेल्या खाकी मोटरसायकलचा आवाज आला की त्या रस्त्याच्या कडेला ओळीने येऊन उभ्या राहायच्या.