हातभर अंतरावरचा बेपत्ता प्रिंटर

माझ्या संगणकाची कार्यप्रणाली अद्ययावत झाल्यामुळे आमच्या इमारतीची लिफ्ट बंद राहिली, हे विधान मी पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे.

वाचकांनी घाईने माझ्या वयाकडे बोट दाखवू नये. पुरावे देतो.

मी एका कापड कंपनीच्या विधी विभागात उमेदीची वर्षे काढलेला गृहस्थ असून मुलुंड पूर्वेस चौथ्या मजल्यावर राहतो. कंपनीला टाळे लागले तेव्हा सहकाऱ्यांनी आठवण म्हणून कोणी खुर्ची नेली, कोणी पंखा. मी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणला. (रीतसर बोली लावून. पावती आहे.) दोन्ही कडांना भोके असलेला, सलग घडीचा कागद ओढून घेत ते यंत्र एकेक ओळ ठोकून काढीत असे आणि ठोकताना ‘टर्रर्र-खट्! टर्रर्र-खट्!’ असा आवाज करीत असे, की खालच्या मजल्यावरच्या सावंतबाईंच्या मांडणीतली भांडी त्याला साथ देत.

त्या आवाजात माझा संसार झाला, असे म्हटले तरी चालेल. मी पत्र छापायला घेतले, की माझी मुलगी मुग्धा टेबलाखाली येऊन बसे. छापून झाले, की कागदाच्या कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडण्याचा हक्क तिचा. दोन पट्ट्या एकमेकींवर घडी घालीत ती कागदी स्प्रिंगा करी आणि त्या घरभर लोंबत. स्वयंपाकघरातून सौभाग्यवती सुशीला ओरडे, “तुमचो तो छापखानो बंद करा आधी! माझो रेडिओ ऐकाक येणा नाय!” ती मूळची मालवणची. एरवी शुद्ध मराठी बोलते. राग आला की मालवणला जाते.

आणि पत्रे कोणाला? ज्याला गरज असेल त्याला! पाण्याचा दाब कमी, जिन्यातला दिवा गेलेला, वाटेत लावलेली मोटारसायकल. प्रत्येक बाबीवर सोसायटीच्या चिटणिसाला माझे पत्र जाई आणि प्रत्येक बाबीचे निवारण होई. कित्येकदा तर पत्र पोहोचण्यापूर्वीच! या यशाचे श्रेय मी अर्थातच माझ्या मसुद्यांना देत असे. ‘अन्यथा नाइलाजास्तव’ हे दोन शब्द योग्य जागी घालता आले पाहिजेत, त्याला साधना लागते.

यंदा सुशीलाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि नेमकी त्याच सुमारास लिफ्ट बंद पडली. चार मजले चढणे अशक्य. तेव्हा रुग्णालयातून तिची रवानगी थेट मुग्धाकडे, बोरिवलीला झाली. रोज सकाळी तिचा फोन येई.

“अहो, ती मेली लिफ्ट कधी चालू होतली? माका घराक येवचा आसा.”

“आज पत्र देतो,” मी म्हणालो. “आठवड्याच्या आत तू घरी.”

मसुदा सिद्ध केला. इतक्यात पडद्यावर निळी चौकट उगवली: आपली कार्यप्रणाली जुनी झाली आहे, ती अद्ययावत करावी. सोबत करारनामा होता. इतर लोक तो न वाचता ‘मान्य’ म्हणतात. मी वाचला. संपूर्ण! दुपारचे जेवण राहिले, पण एकेक कलम वाचले आणि सात-आठ ठिकाणी हरकती काढल्या. मात्र ‘हरकत नोंदवून मान्य’ असे बटण त्यांनी दिलेच नव्हते. अखेर निषेधाच्या भावनेनेच मी ‘मान्य’ दाबले.

बराच वेळ पडद्यावर ठिपके गोल फिरले. मग नवे चित्र आले, डाव्या कोपऱ्यातले सगळे मध्यभागी जाऊन बसलेले दिसले आणि मी ‘छापा’ची आज्ञा दिली. उत्तर आले: ‘प्रिंटर सापडत नाही.’

प्रिंटर माझ्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर होता!

मी पुन्हा आज्ञा दिली. सापडत नाही. पुन्हा दिली. शेवटी मुग्धाला फोन लावला.

“बाबा, आधी सांगा, तुम्ही अपग्रेड का केलंत? मला विचारायचं ना!”

“करारनामा वाचून केले आहे.”

“कोणी वाचतं का ते? बरं, वायर काढून परत लावा.”

“लावली.”

“आता स्क्रीनवर काय दिसतंय?”

“‘यंत्र ओळखता आले नाही.’ अगं, इतक्या वर्षांची ओळख अशी नाकारता येते? कोणत्या आधारावर?”

“बाबा, भांडू नका त्याच्याशी! बंद करून चालू करा.”

केले. मग तिने सांगितले ते सगळे केले: जुने काढून टाकले, नवे बसवले, मधली जोडतार बदलली, हिरवा दिवा लागेतो कळ दाबून धरली. प्रत्येक उपायानंतर खात्री करण्यासाठी मी ‘छापा’ची आज्ञा देत होतो. यंत्र ढिम्म.

“नवीन प्रिंटर घेऊ या का?” मुग्धा म्हणाली. “हल्ली इतके छान मिळतात. अजिबात आवाज करत नाहीत.”

मी ही सूचना इतिवृत्तात न घेण्याचे ठरवले.

नाइलाजाने पत्र हाताने लिहून चिटणिसाला दिले. चिटणीस म्हणजे भोईर. पूर्वीच्या चिटणिसाचा मुलगा, तळमजल्यावर सिमेंट-लाद्यांचे दुकान चालवतो. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. “बघतो ना काका. टेन्शन नका घेऊ.” तोच मजकूर मोबाइलवरून पाठवला, तर उत्तरादाखल पिवळा अंगठा आला. अंगठा! ज्याला सही येते त्याने अंगठा का उठवावा?

लिफ्ट तर सोडाच, पण इमारतीचे एकूण वळणच बिघडले. जिन्यात मोटारसायकल पुन्हा अवतरली. टाकी भरून वाहू लागली. वरच्या मजल्यावरचे ओले कपडे माझ्या खिडकीवर निथळू लागले. आणि एके सकाळी सावंतबाई पातेले घेऊन दारात उभ्या!

“भावोजी, पेज आणलीय. बरं नाही ना तुम्हाला?”

“मला काय झालंय?”

“नाही, बरेच दिवस आवाज नाही तुमचा. वहिनी पण नाहीत घरात. म्हटलं, माणसानं मनाला लावून घेतलं की काय!”

मी ठणठणीत असल्याचे सांगितले. पेज मात्र ठेवून घेतली. त्या गेल्यावर घर फार शांत वाटले. स्वयंपाकघरात रेडिओ नाही, टेबलाखाली कोणी नाही, टेबलावर मुका प्रिंटर. फोनवर सुशीला म्हणाली, “हय सगळा बरा आसा. पण माझा घर नाय ता.” ती रागावलेली नव्हती. तरीही मालवणीत बोलली, तेव्हा मी हादरलो.

दुपारी पुन्हा मुग्धाला फोन केला. “तुझ्या आईला घरी आणायचे आहे. काय ते कर.”

ती म्हणाली, “बाबा, एक शेवटचा उपाय आहे. यादीत अगदी सामान्य, फक्त मजकूर छापणारा प्रिंटर असं काहीतरी दिसतंय? ते निवडा. पण मराठी अक्षरं येतील याची गॅरंटी नाही हं.”

मी निवडले.

टर्रर्र-खट्!

माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी नाकारणार नाही. फोनमधून मुग्धा किंचाळली, “आई, ऐक ऐक! बाबांचा छापखाना!” आणि पलीकडे त्या मायलेकी हसत असताना माझे लक्ष कागदाकडे गेले. त्यावर होते: ???? ???????? ??? ??????. माझे ‘उपरोक्त’ प्रश्नचिन्ह, ‘तद्वतच’ प्रश्नचिन्ह, ‘अन्यथा नाइलाजास्तव’ तर नुसती प्रश्नचिन्हांची मिरवणूक!

भरीस भर म्हणजे यंत्र थांबेना. आजवर दिलेली प्रत्येक ‘छापा’ची आज्ञा संगणकाने जपून ठेवली होती आणि आता तो थकबाकी चुकती करीत होता. मी बटणे दाबली. तो छापत राहिला. कागदाच्या घड्या टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून दिवाणखान्यात निघाल्या. खालून सावंतबाईंची भांडी खणखणू लागली. कोणीतरी ओरडले, “अरे, परब काका चालू झाले रे!” जिन्यात मोटारसायकल हलवल्याचा आवाज आला. वरचे ओले कपडे भराभर आत गेले.

आणि चार मजले धावत चढून आलेला भोईर धापा टाकत दारात उभा राहिला. एका कानाला मोबाइल.

“काका, थांबवा! हा बघा, लिफ्टवाल्याला लाइनवर घेतलाय! आजच्या आज येतोय तो. ए भाऊ, ऐकतोयस ना आवाज? वाट लागली माझी, लवकर ये!”

मी त्याच्या हाती प्रश्नचिन्हांचा गठ्ठा दिला आणि सवयीने पोच मागितली. त्याने मान डोलावत पाने उलटली आणि शेवटच्या पानावर लिहिले: ‘मिळाले. मजकूर मान्य.’ खाली झोकदार सही.

“भोईर, तुम्ही हे वाचलेत?”

“वाचायचं काय काका त्यात?” तो निरागसपणे म्हणाला. “पप्पा पण नाही वाचायचे. ते सांगून गेलेत, परबांचा प्रिंटर सुरू झाला की आधी पंप बघायचा, मग दिवे, मग पार्किंग. यातलं काहीतरी असतंच. आणि लांबला आवाज, तर सगळंच करून टाकायचं!”

मी खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांचे मसुदे! ती कलमे, ती पोटकलमे!

लिफ्ट त्याच संध्याकाळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मुग्धाने आईला आणले. लिफ्टचे दार उघडले, सुशीला काठी टेकत घरात आली, दिवाणखान्यातला कागदांचा ढीग पाहिला आणि भोईराचे बोलणे मी तिला सांगताच सोफ्यावर बसून पोट धरून हसू लागली.

“तुमका आज कळला? पाणी कमी येऊक लागला की मीच तुमका सांगी, कसल्याय विषयावर एक लांब पत्र लिवा म्हणान!”

मुग्धा जमिनीवर फतकल मारून कागदाच्या कडांच्या पट्ट्या फाडीत होती.

परंतु तत्त्वाचा प्रश्न होता. मी तत्काळ चिटणिसाच्या नावे पत्र लिहिले. विषय: माझी पत्रे न वाचता निकाली काढण्याबाबत. सगळे प्रश्नचिन्हांतच उमटणार हे ठाऊक असूनही मसुदा तीनदा दुरुस्त केला, ‘अन्यथा नाइलाजास्तव’ योग्य जागी घातले आणि छापण्याची आज्ञा दिली. पहिल्या पानाचे चार टर्रर्र-खट् होतात न होतात तोच बेल वाजली.

“काका, चुकलं!” भोईर हात जोडून म्हणाला. “परत असं नाही होणार.”

“काय चुकलं?”

“ते तुम्ही लिहिलंयत ना त्यात!”

मी निमूटपणे पोच घेतली.