अक्काचं वेगळं पाणी

कुणी काही फुकट देऊ केलं की आई आधी त्याच्या हाताकडे बघायची आणि मग तोंडाकडे. मी तिच्याच वळणावर गेले आहे, त्यामुळे तिची चेष्टा करायचा मला पुरेपूर हक्क आहे. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बेंगळूरला आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून किती राजवटी आल्या नि गेल्या. आईच्या मते त्यातली एकही लोकांच्या भल्यासाठी आली नव्हती, मग कॉर्पोरेशन कुठून येणार?

पन्नासच्या दशकातला एक उन्हाळा. आम्ही पेटेतल्या, म्हणजे शहराच्या जुन्या पेठेतल्या, एका वठारात राहत होतो. मधे अंगण, अंगणात विहीर, भोवती पाचसहा बिऱ्हाडं. एका सकाळी कर्णा बांधलेला जटका, आमच्याकडचा टांगा, गल्लीत शिरला. आतला माणूस आधी कन्नडमध्ये आणि मग तमिळमध्ये ओरडत होता : कॉलऱ्याचे दिवस आहेत, पाणी उकळून प्या, कापलेली फळं खाऊ नका, सुई टोचून घ्या. विहिरींत औषधाची पूड टाकली जाईल, तिला घाबरू नका.

"घाबरू नका म्हणतोय, म्हणजे घाबरण्यासारखं आहे काहीतरी," आई म्हणाली.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पेपर वाचत होते. त्यात कॉर्पोरेशनच्या बैठकीची बातमी होती. जुन्या विहिरी हळूहळू बंद करून नळ द्यायचा विचार चालला होता. आईनं लगेच सगळं जुळवलं. "आधी पूड, मग झाकण, मग नळाची पट्टी. निवडणूक आली की यांना आमची तहान दिसते."

मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही निम्मं पटतं.

त्या वर्षी आईच्या संशयाला धार यायला कारणही होतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन, नवससायास होऊन मग दिवस गेलेले. सासरच्यांनी पाठवताना "जपा" एवढंच सांगितलं होतं, पण ते अशा आवाजात की आईची झोपच उडाली.

पूडवाला आला तो खाकी कपड्यांत, हातात बादली घेऊन. आई विहिरीच्या काठाशी उभी राहिली. "एनू आगल्ला, अम्मा," काही होत नाही, असं म्हणत त्यानं बादली ओतली. पाण्याला उग्र वास येऊ लागला. आईची पाण्याची परीक्षा एकच, तुरीची डाळ. ज्या पाण्यात डाळ मेणासारखी शिजते ते पाणी चांगलं. तिनं ताबडतोब डाळ चढवली. ती नेहमीसारखीच शिजली.

"डाळीला काय कळतंय?" आई म्हणाली.

आम्ही नाक मुरडत तेच पाणी पिऊ लागलो. उकळायचा प्रश्नच नव्हता, उकळलेलं पाणी मेलेलं असतं असं आईचं मत. अण्णांनी आणि मी नाक्यावर जाऊन सुई टोचून घेतली. अक्काला मात्र आईनं जाऊ दिलं नाही. पोटुशीला कसल्या सुया!

मग माझ्या लक्षात आलं की अक्काच्या उशाशी एक वेगळी, झाकलेली कळशी असते. मी हळूच पाणी ओतून घेतलं. वास नाही! लाडकी लेक म्हणून हिला वेगळं, आणि आम्हाला पूड? मी पाळत ठेवली. आई पहाटे ओलेत्यानं, सोवळ्यात, देवळामागच्या विहिरीवर जात होती. देवळाच्या लोकांनी पूडवाल्याला आत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. पकडल्यावर आई एवढंच म्हणाली, "देवाचं पाणी आहे. अण्णांना बोलू नकोस, ते उगीच वाद घालतील."

पुढे वळवाची एक सर आली आणि देवळामागचं गटार तुंबून वाहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्काला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, इस्पितळाची गाडी बोलावली आणि विचारलं, "पाणी कुठलं पिते?"

"आमच्याच विहिरीचं," अण्णा म्हणाले. "औषध टाकलेलं."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. आई अक्काचे तळवे चोळत होती, ती वर बघेना.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. नेमका तेव्हाच पूडवाला पुन्हा बादली घेऊन आला होता, आणि वठारातल्या सगळ्यांचा संशय एका क्षणात त्याच्यावर जाऊन बसला. पूडच पोरीला बाधली! जटकेवाल्याशीही कधी आवाज न चढवणारे माझे अण्णा धावत गेले आणि त्यांनी त्याची कॉलर धरली. कुणीतरी त्याला बांधायला विहिरीचा दोर सोडून आणला. मी घाबरून आईचा पदर ओढला. "सांग की, आई!"

आई उठली, उंबऱ्यात आली.

"सोडा त्याला. अक्कानं त्या पाण्याचा थेंबसुद्धा घेतलेला नाही. मी तिला देवळाच्या विहिरीचं पाणी देत होते."

अण्णांचा हात कॉलरवर तसाच राहिला, मग खाली आला. पूडवाल्यानं सदरा सारखा केला, बादली उचलली आणि विचारलं, "कुठलं देऊळ, अम्मा?"

अक्का वाचली. पोटातलं बाळ वाचलं नाही.

आईला कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वाटायचं. तिचा संशय काही गेला नाही, फक्त आता वास येत नसलेल्या पाण्यावर तो बसला. घरात नळ आला तरी ती हंड्यात डोकं घालून हुंगायची आणि वर भरपूर उकळायची.

काही वर्षांनी अक्काला पुन्हा दिवस गेले. माहेरी येणार की नाही याची आईला धास्ती होती, पण ती आली. आईनं पेला भरून दिला. आमच्याकडे पाणी वरून प्यायची रीत, पेल्याला ओठ लावायचा नाही. अक्कानं पेला उचलला आणि तोंडावर धरण्याआधी नाकाशी नेला. क्षणभरच. तिला स्वतःला ते कळलंही नसेल.

आईला कळलं. तिनं पेला परत घेतला. जन्मभर सोवळं पाळलेल्या त्या बाईनं पेल्याला ओठ लावून त्यातलं अर्धं पाणी पिऊन टाकलं, आणि उरलेलं अक्कापुढे धरलं. अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिनंही त्याच जागी ओठ लावला आणि ते उष्टं पाणी पिऊन टाकलं.